बिनत्रिकोणाचं सूप

५ फेब्रुवारी, गुरुवार

बोटं काळी ती काळीच! साबण झाला, लिंबू झालं, शेवटी आमच्या आचाऱ्यांनी तेल दिलं. तरी नखांच्या कडा काळ्या. दिवसभर त्रिकोण चिकटवत होते.

काळा त्रिकोण, मध्ये पांढरी मीठदाणी. नवा नियम आलाय. ज्या पदार्थाच्या एका बशीत माणसाचं दिवसभराचं मीठ जातं, त्याच्या नावापुढे मेनूवर हा त्रिकोण हवाच. नाहीतर दंड. मालक सकाळपासून तणतणतायत — "उद्या म्हणतील पाण्यापुढेही लावा, ओलं आहे म्हणून!"

नमुने महिन्यापूर्वीच तपासायला नेले होते. आता निकाल आले, तेही नुसते नंबर. मालक चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचणार, मी तो नंबर कार्डावर शोधून चिकटवणार. मध्येच त्यांचा फोन, मध्येच भाजीवाला. कार्डंही कोरी करकरीत, परवाच छापून आलेली. माशाचं सूप काढून टाकलंय या वेळी, कोणी मागतच नव्हतं. त्या कोऱ्या कार्डांवर काळे डाग पडताना बघून मालकांचा जीव तुटत होता.

मी मात्र खूश. कारण बाबा. बाबांचं हृदय दमलंय. पाणी पायात उतरतं. डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडलंय, अगदी औषधापुरतं ठेवलंय. आणि मी दिवसभर कामावर, घरी त्यांना गॅसजवळ जाऊ द्यायची सोय नाही — दोनदा चालू ठेवून विसरलेत. म्हणून ते दुपारी इथेच जेवतात, गर्दी ओसरली की, हात धुवायच्या नळाशेजारच्या टेबलावर. मालकांची तेवढी मेहेरबानी आहे. आजवर काय द्यायचं हाच डोक्याला ताप होता. उकडलेला बटाटा, सॅलड, परत उकडलेला बटाटा. "मी काय आजारी ससा आहे?" म्हणतात.

पण आज बघितलं तर सात नंबरपुढे त्रिकोण नाही. मशरूमचं सूप! बाबांचं आवडतं. मालकांना दोनदा विचारलं — "सात आहे का हो यात?" "नाही म्हटलं ना! सहा नाही, सात नाही, आठ आहे." जीव भांड्यात पडला. आठ म्हणजे टोमॅटोचं सूप. ते बाबांना तसंही नको असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्रिकोणाचा पहिला दिवस. काय एकेक नग!

समोरच्या विमा ऑफिसातली टोळी आली. त्यातला जाड्या कार्ड उघडून म्हणतो, "ज्याला त्रिकोण आहे ते सगळं चविष्ट असणार. त्यातलंच आणा!" दुसऱ्याने मुकाट्याने सॅलड मागवलं आणि मग सगळा वेळ जाड्याच्या बशीकडे बघत बसला. एक नवरा-बायको होते. नवऱ्याचं बोट नूडल्सवर गेलं. बायकोने नुसतं त्याचं बोट उचलून खालच्या ओळीवर ठेवलं. मला हसू आवरेना. पाणी सांडता सांडता राहिलं.

अडीचला बाबा आले. मी कार्ड न दाखवताच सूप ठेवलं. एक चमचा घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"हे चालेल ना मला?"

"चालेल! बिनधास्त खा."

"नक्की?"

"मी देतेय ना?"

आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग खाली मान घालून सगळं संपवलं. पावाने वाटी पुसून काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी संपवलं! जाताना डोक्यावर टपली मारली, भर हॉटेलात. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. माझी चाळीशी उलटलीय, पण बाबांना त्याचं काय!

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. घरचं अळणी जेवण. बाबांनी ताट अर्ध्यावर सरकवलं. "हॉटेल रविवारी का बंद ठेवतात गं? माणसं रविवारी जेवत नाहीत?"

मग खिडकीत बसून शेजारच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराला वरून सूचना देत होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता दुसऱ्या कोणाचा हात लागलेला बघवत नाही. "अरे, आधी ब्रेक बघ, ब्रेक!" तो पोरगा कंटाळून दुसऱ्या बाजूने काम करायला लागला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नूडल्स पडून राहतायत. भाजलेली कोंबडीही. आचारी रागाने लाल. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात आणि ते तसेच वागतात. "माझ्या पदार्थांना गुन्हेगारासारखा शिक्का मारलाय! लोक घाबरणारच!" मशरूमचं सूप मात्र धो धो खपतंय. आज मोठं पातेलं लावावं लागलं. उस्तादांना त्यातही समाधान नाही. "सूप काय, कोणीही करतं."

गंमत सांगायची राहिली. टोमॅटोचं सूप घेणारे दोघं-तिघं मीठ मागतात. त्रिकोणवालं सूप मागवायचं आणि वर आणखी मीठ! एका काकांना म्हटलं, "अहो, यात आधीच भरपूर आहे." तर म्हणतात, "मग ते तळाशी बसलं असेल." लोकांच्या जिभा मेल्यात, दुसरं काय.

मला स्वतःला यातल्या कशाचीच चव माहीत नाही, हेही खरं. आमचं नोकरांचं जेवण वेगळं शिजतं, आणि तेही उभ्या उभ्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांचं वजन वाढलंय. सकाळी काट्यावर उभे केले, आकडा बघितला, परत उभे केले. वाढलंयच. चपलेचा पट्टा बसेना, पाय पावासारखे फुगलेत. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. मला तो खळगा बघवत नाही.

"लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते," बाबा म्हणाले. "माणसाला घंटाच बसवलेली नाही, ही डिझाइनची चूक."

मला हसू आलं नाही. कामावर दोन टेबलांची ऑर्डर उलटीसुलटी केली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी पाय बघितले, छातीला नळी लावली, आणि माझ्याकडेच वळल्या. "मीठ कुठून तरी जातंय. बरंच जातंय." मी सगळं सांगितलं — घरी काय, हॉटेलात काय, कुठे त्रिकोण नाही ते. त्या म्हणाल्या, "मग चोरून काहीतरी चाललंय. या वयात सगळे करतात." गोळी वाढवून दिली.

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता बघत होते. शाळेत पोरं छताकडे बघतात ना, तसे!

परत येताना रिक्षात विचारलं, "काय खाता तुम्ही माझ्या नकळत?"

"काही नाही गं."

"काहीच नाही?"

"तू देतेस तेवढंच."

वर तोंड करून! मला इतका राग आला की उरलेला रस्ता बोललेच नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ते आंघोळीला गेल्यावर त्यांची खोली धुंडाळली. लिहितानाही लाज वाटतेय, पण धुंडाळली. उशीखाली, कपाटात, कोटाच्या खिशांत, हत्यारांच्या पेटीत. पान्याखाली पाना. चिप्सचं पाकीट नाही, खारे दाणे नाहीत, काही नाही. एक लिमलेटची गोळी मिळाली, कागदाला चिकटून बसलेली.

मग शेजारच्या काकूंना विचारलं, तुम्ही बाबांना काही देता का. त्या फणकारल्या. "मी काय विष घालते का तुझ्या बापाला?" झालं. आता त्याही बोलायच्या नाहीत.

मन कशातच लागत नाही. भांडी घासलेली परत घासली. कुठून जातंय? कुठून?

२२ फेब्रुवारी, रविवार

आज नको ते झालं.

दादाचा रविवारचा फोन. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर ठेवते. दादाला पायांचं सांगितलं, तर तो सुरूच झाला. "तुझं लक्ष कुठे असतं? एक माणूस सांभाळता येत नाही तुला?" तिकडे लांब बसून बोलायला काय जातंय! मग बाबांकडे वळला. "बाबा, चोरून काय खाता ते सांगा." बाबा म्हणाले, "काही नाही रे." आणि माझ्याकडे बघून हसले. खुदकन! जणू आम्ही दोघांनी मिळून त्याची टोपी उडवलीय.

माझं डोकंच फिरलं. फोन तसाच चालू होता. मी ओरडले — "खोटं बोलता तुम्ही! मी रात्रंदिवस मरमर मरते, अळणी रांधते, स्वतःही अळणी गिळते, आणि तुम्ही माझ्याशी खेळ करता? मरायचंच असेल तर मरा! मला तरी मोकळी करा एकदाची!"

बाबांनी ऐकलं. नीट ऐकलं, माझा आवाज चांगलाच चढला होता. आणि तरी त्यांचा चेहरा तसाच, शांत. फोन बंद झाल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बास बास. झालं आता. चहा कर."

चहा कर!! इतकं बोलूनही यांच्यावर काही परिणाम नाही. मी चहा केला. कप आपटला.

पण ते वाक्य माझ्या तोंडून गेलंच कसं? चीड होती, मान्य. पण कुठेतरी आत ते होतंच ना, म्हणून तर आलं. हे इथेच लिहिते. बाहेर कोणाला सांगणार?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या, कानात मोत्याच्या कुड्या, कडक इस्त्री. टोमॅटोचं सूप मागवलं. दोन चमचे घेतले आणि मला बोलावलं. "यात मिठाचा कण नाही. तुम्ही त्रिकोण कशासाठी लावलाय, शोभेला?" मी नेहमीचं सांगायला गेले. त्यांनी चमचा पुढे केला. "स्वतः खाऊन बघा."

उस्तादांना सांगितलं, तर ते पातेल्यावर डाव आपटायला लागले. "अळणीच आहे ते! मी पहिल्यापासून अळणीच करतो! टोमॅटोत मीठ घालायचंच नाही, हीच त्याची खुबी. मेनूवर काय लिहिता ते तुमचं तुम्ही बघा, मी ते वाचत नाही!"

"मग मीठ कुठल्या सूपात आहे?"

"मशरूमच्या. त्यात आटवलेला खारट रस्सा जातो, दोन तऱ्हेचे सॉस जातात, वरून चीज. मीठ नसलं तर ते मशरूम चिखलासारखे लागतात."

मी डाव बुडवला आणि प्यायले. तोंड आत ओढलं गेलं. इतकं खारट! समुद्राचं पाणी नाकात गेल्यावर होतं तसं.

मग उमगलं. एका क्षणात. नमुने नेले तेव्हा कार्ड जुनं होतं. जुन्या कार्डावर सात म्हणजे माशाचं सूप. मशरूमचं आठ. मासे काढले आणि खालचं सगळं एक ओळ वर सरकलं. निकाल जुन्या नंबरांनी आले, आम्ही नव्या कार्डांवर चिकटवले. सातच्या खालचा प्रत्येक त्रिकोण भलत्याच पदार्थापुढे. मी चिकटवले, माझ्या हातांनी.

आणि रोज अडीच वाजता ती वाटी मीच बाबांपुढे ठेवत होते. "बिनधास्त खा." मीच म्हटलं होतं.

ते खोटं बोलत नव्हते. "तू देतेस तेवढंच." शब्दन् शब्द खरा!

अडीचला ते आलेच. टेबलाशी बसले, पाय हळूच स्टुलावर टेकवले. मी टोमॅटोचं सूप ठेवलं. म्हटलं, मशरूमचं संपलं.

"संपलं?"

"हो. आज लवकर संपलं."

त्यांनी दोन चमचे घेतले. मग वाटीकडे नुसतं बघत बसले. मला तिथे उभं राहवेना, आत गेले आणि कांदे चिरायला घेतले. कांदे चिरणं माझं काम नाही, पण कोणी विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मालकांना सांगितलं. आधी विश्वास बसेना, मग बसला, मग म्हणाले, "हळू बोल!" पुढच्या आठवड्यात कार्डं परत छापून घेऊ, तोवर ब्र काढायचा नाही. "इतके दिवस कोणाला काही झालं का?"

मी म्हटलं, "माझ्या बाबांना झालं."

त्यावर ते गल्ल्यातल्या नोटा परत मोजायला लागले. कार्डं काढायला मात्र हो म्हणाले नाहीत.

किती जणांनी ते सूप घेतलं असेल? ती बोट उचलून ठेवणारी बाई परत परत येत होती नवऱ्याला घेऊन. तो मशरूमचंच घ्यायचा, आणि ती किती समाधानाने बघायची! माझ्या भरवशावर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज भर गर्दीत सगळी कार्डं गोळा केली आणि नखांनी त्रिकोण खरवडायला बसले. गल्ल्याशेजारीच. मालक म्हणाले, "काय चाललंय हे?" मी म्हटलं, "तुम्ही ओरडा, मी खरवडते." ते ओरडले नाहीत. थोड्या वेळाने स्वतःच दाराला पाटी लावली — मेनूवरच्या खुणा चुकल्या होत्या, मशरूमच्या सूपात मीठ जास्त आहे, क्षमस्व. अक्षर गचाळ, पण लावली.

लोक? विमा ऑफिसातला सॅलडवाला उसळला. "म्हणजे तीन आठवडे मी कोंबडीवर पाणी सोडलं ते फुकट?" जाड्या इतका हसला की ठसका लागला. एका गृहस्थांचा चेहरा मात्र उतरला, ते कार्ड मिटून न जेवताच उठले. त्यांच्या मागे धावले. "दादा, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या," एवढंच म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि गेले. ते नवरा-बायको आज आलेच नाहीत. मी दाराकडे बघून बघून दमले.

आणि बाकीच्यांनी पाटी वाचली आणि मशरूमचंच मागवलं! "आता सवय झालीय हो." काय म्हणावं!

बाबांना अजून सांगितलं नाही. आज सांगते, आज सांगते करत रात्र झाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे बाबांना धाप लागली. आडवं होता येईना. बसूनच श्वास घेत होते, तोंड उघडं टाकून. आमची लिफ्ट बंद. बाबा ज्या इमारतीत राहतात तिचीच लिफ्ट बंद! खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. शेजारच्या काकूंनी न बोलता त्यांची शाल आणून दिली.

दवाखान्यात भरती. पाणी फुप्फुसात चढलंय. इंजेक्शन दिलं, नाकाला नळी.

हे मी केलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला. वॉर्डात शिरल्या शिरल्या बाबांनाच — "आता तरी सांगाल का, काय खात होतात चोरून?" शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मी तिथेच उभी होते. हातात लघवीचं भांडं. मला बोलायला हवं होतं. "दादा, थांब, मी दिलं" — एवढंच तर होतं. नाही बोलले. मूग गिळून उभी राहिले. त्यांच्यावर आळ येत होता आणि मी भांडं धुवायला निघून गेले!

१ मार्च, रविवार

पाणी उतरतंय. धाप कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या खेपेला निभावलं, पण हृदय आणखी एक पायरी खाली गेलंय. ती पायरी परत चढता येत नाही.

जिन्यात गाठून दादाला सगळं सांगितलं. नंबर, मासे, त्रिकोण, वाटी. तो कठड्याला टेकला. मला वाटलं आता फाडून खाईल. तर म्हणाला, "मी त्यांना काय काय बोललो गं." आणि रडायला लागला. दादा! माझा दादा रडताना मी लहानपणीही बघितला नव्हता.

मग नाक पुसून म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेतील. बरे होतायत तर होऊ दे."

असं कसं सांगू नको? ते अपराधी ठरलेत! डॉक्टरांसमोर, तुझ्यासमोर, सगळ्या वॉर्डासमोर! त्यांनी काहीही केलेलं नसताना. मी त्यांना इतकं वाईट बोलले. निदान त्यांना कळू तरी दे की ते खरे होते आणि मी चुकले. आळ तरी उतरेल. मला नाही राहवत.

२ मार्च, सोमवार

सांगायला गेले. ते झोपले होते. उशाशी बसून त्यांची नखं कापली आणि परत आले.

३ मार्च, मंगळवार

दोनदा तोंड उघडलं. एकदा नर्स आली, एकदा मीच विषय बदलला. लिफ्टबद्दल बोलले. त्यांनी इथल्या लिफ्टचं दार उशिरा मिटतं म्हणून सांगितलं, कोणाला तरी कळव म्हणाले. आवाजात जरा जोर आलाय. चेहऱ्यावर रंग आलाय. उद्या नक्की.

४ मार्च, बुधवार

सांगितलं. सगळं. पाय धरले त्यांचे.

बाबा उशीला टेकून सरळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

पहिल्याच चमच्याला त्यांना मीठ कळलं होतं. त्यांना वाटलं, मी सगळं जाणून देतेय. पोरीने ठरवलं, म्हाताऱ्याचे राहिलेत ते दिवस चवीने जाऊ देत. म्हणून ते कोणापाशी बोलले नाहीत, माझं नाव येऊ दिलं नाही. आणि दादा फोनवर असताना मी ओरडले, ते त्यांना वाटलं त्याला दाखवायला.

मग त्यांनी माझ्या हातातून पाय काढून घेतले. हळूच, पण काढून घेतले.

"मग त्या दिवशी तू बोललीस ते — खरंच बोललीस होय गं?"